भीती कुठल्या खोलीत राहते?

खंडाळ्यातल्या भुतांची एक खोड आहे. ती फक्त पाहुण्यांना दिसतात. शनिवारी दुपारी मुंबईहून गाडी येते, रात्री वरच्या मजल्यावर कुणीतरी चालल्याचा आवाज येतो, रविवारी गाडी परत जाते आणि सोमवारी ऑफिसात गोष्ट तयार असते. त्या गोष्टीत धुकं असतं, जुना बंगला असतो, पांढऱ्या साडीतली बाई असते आणि "त्या खोलीत जाऊ नका साहेब" म्हणणारा वॉचमन असतो. नसते ती वॉचमनची बायको. बारा महिने तीच खोली झाडणारी, चादरी बदलणारी, पावसाळ्यात भिंतीवर आलेली बुरशी पुसणारी. बंगल्यात भूत असतंच, तर त्याची पहिली ओळख तिच्याशी झाली असती.

माझ्या पीएचडीचा विषय थोडक्यात सांगायचा तर ही गैरहजर बाई. कमी पैशांत केलेल्या भयपटांत घर कसं दिसतं, आणि चित्रपट बाईने केला की त्या घरात काय बदलतं, हे मी बघते. एमएस्सी करून सिनेमाच्या अभ्यासाकडे आले, त्यामुळे एक सवय सुटत नाही: तुलना करायची तर शक्य तेवढ्या गोष्टी सारख्या ठेवायच्या आणि एकच बदलायची. सिनेमात हे पूर्णपणे जमत नाही, पण काही जोड्या अशा सापडतात की प्रयोगशाळेची आठवण यावी. आज अशा दोन जोड्या तुमच्यासमोर ठेवते. (पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड होतील, तेवढी तयारी ठेवा.)

आधी पैशांचं बघू

स्वतंत्रपणे चित्रपट करणारे लोक हॉररकडे का वळतात? हिशेब सोपा आहे. एक घर, चारपाच नट, रात्रीची वेळ. स्टार लागत नाही, परदेशातलं गाणं लागत नाही. आपल्याकडे रामसे बंधूंनी हे गणित फार लवकर ओळखलं. १९७२ सालच्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'साठी ते कुटुंबकबिला घेऊन महाबळेश्वरला गेले. सात भावांनी कामं वाटून घेतलेली: कुणी लेखन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन, कुणी दिग्दर्शन. घरातल्या बायकाही सोबत असत आणि युनिटचं जेवणखाण त्यांच्याकडे असे.

मला हे चित्र महत्त्वाचं वाटतं. स्वस्तातल्या भारतीय भयपटाच्या पहिल्या मोठ्या कारखान्यात बायका होत्याच, पण स्वयंपाकघरात. आणि पडद्यावरच्या हवेलीत भीती तळघरात होती, थडग्यात होती, बाथरूममध्येही होती. चुलीपाशी मात्र कॅमेरा फारसा रेंगाळला नाही. जिथे भाऊ काम करत होते तिथून जे घर दिसतं, ते पडद्यावर आलं.

भुतांची यादी नीट वाचा

बाईचं भूत ही काही सिनेमाची कल्पना नाही. एन्थोव्हेनने १९२४ साली मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींचं पुस्तक काढलं, त्याच्या आधीपासून ही नावं गावोगावी आहेत. तपशील गावागणिक बदलतात, पण साधारण वाटणी अशी: बाळंतपणात किंवा विटाळात गेलेली बाई हडळ किंवा अळवंतीण होते, सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. आता पुरुषांकडे या. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा मुंजा, ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध, मुसलमानाचा खवीस. पुरुषाच्या भुताची ओळख जातीधर्माने आणि संस्काराने होते. बाईच्या भुताची ओळख गर्भाशयाने आणि नवऱ्याने होते.

विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला ही यादी मृत्यूच्या नोंदवहीसारखी दिसते. ज्या काळात बाळंतपणात बायका मोठ्या संख्येने मरत, त्या काळाने आपल्या अपराधाची अशी नोंद ठेवली आणि दोष मेलेलीच्याच माथी मारला. म्हणून 'हडळीची गोष्ट' सांगताना खरा प्रश्न हा असतो की ती मेली तेव्हा घरातले बाकीचे काय करत होते.

पहिली जोडी: विहीर आणि ऊसाचं शेत

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याबरोबर उसाच्या शेतातल्या एका एकाकी घरात येते. तिथे तुळसाबाई (उषा नाईक) तिची काळजी घेते. मुलगी झाली की तिला मारायचं, ही त्या घराची रीत हळूहळू उघडी पडते. तीन वर्षांनी, २०२०च्या ऑक्टोबरात, टेरी समुंद्रा या दिग्दर्शिकेचा 'काली खुही' नेटफ्लिक्सवर आला. पंजाबातलं गाव, एक काळी विहीर, आणि जन्मताच मारलेल्या मुली. विषय तोच, पाप तेच, आणि पाप करणारे हातही तेच: दोन्हीकडे ते घरातल्या म्हाताऱ्या बाईचे आहेत. दिग्दर्शक पुरुष की बाई, हा फरक धरून बघायला यापेक्षा चांगली जोडी मिळणं कठीण.

भीतीच्या बाबतीत 'लपाछपी' सरस आहे, हे आधी मान्य करू. दिवसाढवळ्या, पिवळ्या उन्हात घाबरवणं सोपं नसतं आणि उसाच्या सऱ्यांचा भुलभुलैया फुरियांनी छान वापरलाय. 'काली खुही' जागोजागी समजावत बसतो, धूर आणि काळं पाणी गरजेपेक्षा जास्त दाखवतो. "बाईने केलाय म्हणून जास्त खोल" असं काही इथे सिद्ध होत नाही.

पण एक फरक आहे. 'लपाछपी'त आपण सगळं नेहाच्या डोळ्यांनी पाहतो. धोक्यात आहे ती पोटातली, न जन्मलेली मुलगी. तिला चेहरा नाही. 'काली खुही'त आपण दहा वर्षांच्या शिवांगीच्या (रीवा अरोरा) डोळ्यांनी पाहतो. म्हणजे जी त्या विहिरीत जाऊ शकली असती, पण गेली नाही, तिच्या. भूतही त्याच घरातल्या मारलेल्या मुलीचं. दोन लहान मुली समोरासमोर येतात, एक वाचलेली, एक न वाचलेली, आणि त्यांच्यात फक्त योगायोगाचं अंतर. पहिल्या चित्रपटात आपण मुलगी वाचावी म्हणून धडपडतो. दुसऱ्यात वाचलेली मुलगी आपल्या आजीकडे बघते. ती नजर मला जास्त दिवस पुरली.

दुसरी जोडी: एकच नटी, दोन घरं

उषा नाईक 'लपाछपी'त ज्या वर्षी थिएटरात दिसल्या, त्याच वर्षी त्यांचा आणखी एक चित्रपट कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात होता: पायल कपाडिया यांनी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये असताना केलेला 'आफ्टरनून क्लाउड्स'. लांबी जेमतेम तेरा मिनिटं. साठीची विधवा काकी, तिच्या घरी काम करणारी नेपाळी मुलगी मालती, एक दुपार आणि बाल्कनीत उमललेलं, दोन दिवस टिकणारं फूल. मालतीला तिच्या गावाकडचा एक मुलगा अचानक भेटतो. बस्स.

हा भयपट नाही, उगाच ओढून तो मी त्या खात्यात टाकत नाही. पण हा हॉररच्या कुंपणाला लागून आहे. तेच वय, तीच नटी, तसंच बंद घर आणि घरात एक तरुण बाई. 'लपाछपी'त म्हातारीची माया हा सापळा असतो. इथे म्हातारी आणि मोलकरीण दोघी एकाच घरात आपापल्या न बोललेल्या गोष्टी घेऊन वावरतात, आणि भुतासारखी उपस्थिती आहे ती न बोलण्याची. कपाडियांनी पुढे 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये (२०२४) हेच धागे रत्नागिरीच्या किनाऱ्यापर्यंत नेले: समुद्रातून वाहून आलेल्या अनोळखी माणसाशी प्रभा नवऱ्याशी बोलावं तशी बोलते. एखाद्या भयपटाने तिथे आपल्याला दचकवलं असतं. इथे प्रभा आधी त्याची शुश्रूषा करते, मग बोलते.

पुसणं, भरवणं, निजवणं

या शुश्रूषेपाशी मला थांबायचंय, कारण माझ्या कामाचा मुद्दा तिथेच आहे. बायकांनी केलेले भयपट शेजारीशेजारी ठेवले की सगळ्यात भयंकर प्रसंग वारंवार एका प्रकारच्या कामाभोवती येतात: दुसऱ्याच्या शरीराची काळजी घेणं.

अन्विता दत्त यांच्या 'बुलबुल'मध्ये (२०२०) चेटकिणीचे उलटे पाय आहेत. ते उलटे का, याला चित्रपट सरळ उत्तर देतो: नवऱ्याने मारून मोडले म्हणून. लोककथेतली खूण इथे जखम होते. पण मला त्याहून भीती वाटली ती नंतरच्या प्रसंगाची. जाऊ बिनोदिनी (पाओली दाम) बुलबुलचं रक्त पुसते आणि पुसता पुसता तिला गप्प राहायला सांगते. हात मायेचे, शब्द घराण्याचे. यानंतर मात्र चित्रपट लाल चंद्रप्रकाशात इतका देखणा होत जातो की सूड आणि देवीपण यांत ते घर हरवतं. एवढी मोठी हवेली चालते कशी, ती स्वच्छ कोण ठेवतं, हे तिथेही दिसत नाही. बाईने केलेला चित्रपट म्हणून त्याला ही सूट देऊ नये.

झोया अख्तर यांची 'घोस्ट स्टोरीज'मधली (२०२०) छोटी गोष्ट इथे जास्त काटेकोर आहे. मुंबईतला जुना फ्लॅट, अंथरुणाला खिळलेली बाई (सुरेखा सिक्री) आणि तिची देखभाल करायला आलेली नर्स समीरा (जान्हवी कपूर). समीरा भरवते, स्वच्छ करते, औषध देते. म्हातारी आधीच मेलेली होती हे शेवटी कळतं, तेव्हा भुतापेक्षा जास्त टोचतं ते हे, की इतके दिवस कुणी बघायलाच आलं नव्हतं.

बाहेरच्या देशांत बघा. जेनिफर केंटच्या 'द बाबाडूक'मध्ये (२०१४) झोप न मिळालेली एकटी आई आहे. राक्षस मरत नाही, तळघरात राहतो आणि त्याला खायला नेऊन द्यावं लागतं. आणखी एक रोजचं काम. रोज ग्लासच्या 'सेंट मॉड'मध्ये (२०१९) घरी येऊन रुग्णसेवा करणारी नर्स आहे. नॅटली एरिका जेम्सच्या 'रेलिक'मध्ये (२०२०) स्मृती गेलेल्या आजीचं घर आहे आणि भिंतीवर पसरत जाणारी काळी बुरशी. ती बुरशी पुसून संपत नाही, हे कळायला मावळातला एक पावसाळा पुरतो.

"पण हे सगळं स्वतंत्र आहे का?"

रास्त प्रश्न. 'बुलबुल', 'काली खुही', 'घोस्ट स्टोरीज' नेटफ्लिक्सवर आले. गेल्या वर्षांतली महत्त्वाची मालिका 'खौफ' (२०२५), दिल्लीतल्या नोकरदार मुलींच्या वसतिगृहातली, स्मिता सिंग यांची. ती प्राइम व्हिडिओवर आली. म्हणजे आपल्याकडे बायकांच्या हॉररला दार उघडलं ते मोठ्या कंपन्यांनी. त्या दारातून आत येताना काही गोष्टी बाहेर ठेवाव्या लागतात: बोलीभाषा, संथपणा, समजावून न सांगण्याची मुभा. 'काली खुही' इतका समजावत का बसतो, याचं एक उत्तर इथे असेल असा माझा अंदाज आहे. उलट 'आफ्टरनून क्लाउड्स' काहीच समजावत नाही. तो शिक्षणसंस्थेत झाला, कुणाला विकायचा नव्हता.

केंटला 'बाबाडूक'साठी सरकारी निधी मिळाला, तरी सेट आणि कलाविभागासाठी तिने किकस्टार्टरवर लोकांकडून सुमारे ३० हजार डॉलर गोळा केले. तिने ज्यासाठी जादा पैसे मागितले ते घर होतं, हे मला सूचक वाटतं. तिच्या गोष्टीत घर ही पार्श्वभूमी नव्हती.

आणि घरांची तर खंडाळ्यात कमतरता नाही. दिवसाच्या भाड्याने मिळणारे बंगले, फुकटचं धुकं, मुंबई-पुण्याहून दोन तासांच्या आत येणारं युनिट. मराठीत कमी पैशांचा भयपट करायला यापेक्षा सोयीची जागा शोधावी लागेल. अडचण एवढीच, की इथे येणारा कॅमेरा पाहुण्यांच्या गाडीतून उतरतो आणि पाहुण्यांच्या खोलीत लागतो. तो मागच्या दाराने आत आला, जिथे बादली आणि फडकं ठेवलेलं असतं, तर गोष्ट शनिवारी रात्री सुरू न होता सोमवारी सकाळी सुरू होईल: पाहुणे गेलेत, आणि चादरीवरचा हा डाग कसला, हे एकटीला ठरवायचंय.

तोवर तुम्ही एक करा. पुढचा भयपट बघताना तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा. या घरात जेवण कोण करतं? रक्त सांडल्यावर फरशी कोण पुसतं? आणि ती पुसत असताना कॅमेरा कुठे बघत असतो? दिग्दर्शक कुणीही असो, उत्तरं लिहीत जा. पाचसहा चित्रपटांनंतर तुमची स्वतःची नोंदवही तयार होईल, आणि कदाचित ती माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाईल. तसं झालं तर मला ती बघायला नक्की आवडेल. पुढच्या लेखात आवाजाबद्दल: भयपटात पैंजण फक्त भुताच्याच पायात का वाजतात?