मायको म्हणजे कोणती कंपनी?

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'मायको सर्कल' एवढे सांगितले की पुरते. कंपनीचे नाव २००८ साली 'बॉश लिमिटेड' झाले, पण चौकाचे नाव तेच राहिले. माणसाचे यात काही अडत नाही, संगणकाचे मात्र अडते. राष्ट्रीय शेअर बाजारात या कंपनीचे चिन्ह आता 'बॉशएलटीडी' आहे, तर मुंबई शेअर बाजारात तिचा क्रमांक ५००५३० आहे.

अशा चिन्हाला टिकर म्हणतात. १८६७ साली एडवर्ड कॅलहान याने भाव छापणारे तारयंत्र तयार केले. त्याच्या टिकटिक आवाजावरून हे नाव पडले. कागदाच्या अरुंद पट्टीवर पूर्ण नाव मावत नसे, म्हणून दोन-चार अक्षरांत काम भागवले जाई.

आता कंपनीच्या नावावरून टिकर शोधून देणारी साधने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिनिधींसाठी, म्हणजे एआय एजंटसाठी, तयार होत आहेत. एजंटला साधनाच्या आत डोकावता येत नाही. साधन केव्हा वापरावे आणि त्याला काय द्यावे, हे तो सोबतच्या माहितीपत्रकावरूनच ठरवतो. म्हणून येथे माहितीपत्रक हा यंत्राचाच एक भाग ठरतो. आमची तक्रार नेमकी याच भागाबद्दल आहे.

अशी पत्रके बहुधा एका ओळीत आटोपतात : 'कंपनीचे नाव द्या, चिन्ह मिळवा.' हे वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. साताऱ्याची पेढी असो की सातपूरचा कारखाना, एका नावाचे एकच उत्तर असते, असे ते गृहीत धरते. 'महिंद्रा' हे नाव घ्या. मोटारी बनवणारी, कर्ज देणारी, संगणकप्रणाली लिहिणारी, शिवाय कोटक महिंद्रा बँक, अशा अनेक कंपन्या समोर येतात. त्यातून मोटारवाल्या कंपनीच्या 'एम&एम' या चिन्हातच '&' आहे. वेबपत्त्यात हे अक्षर दोन माहित्या वेगळ्या करण्यासाठी राखून ठेवलेले असते. ते तिथे '%२६' असे लिहिले नाही, तर यंत्र नुसता 'एम' वाचते. पत्रकात याचा उल्लेख नसेल, तर दोष एजंटचा कसा म्हणावा?

अशा घोटाळ्याची किंमत पैशांत मोजावी लागते. २०२० साली घरोघरी 'झूम'वर वर्ग भरू लागले, तेव्हा अमेरिकेत अनेकांनी 'झूम टेक्नॉलॉजीज' या भलत्याच छोट्या कंपनीचे शेअर घेतले, कारण तिचे चिन्ह 'झूम' असे होते. व्हिडिओवाल्या कंपनीचे चिन्ह होते 'झेडएम'. शेवटी मार्चमध्ये तेथील नियामकाला त्या छोट्या कंपनीचे व्यवहार काही काळ थांबवावे लागले. ही चूक माणसांनी केली होती. एजंट तीच चूक क्षणात करील, आणि तीही न कचरता.

चांगल्या पत्रकात चार गोष्टी हव्यात असे आम्हांस वाटते. कोणत्या शेअर बाजाराचे चिन्ह मिळेल. अनेक कंपन्या जुळल्यास काय करावे. एकही न जुळल्यास काय उत्तर येईल. आणि यादी कोणत्या तारखेची आहे. 'एकही न जुळल्यास अंदाज करू नये, वापरणाऱ्यास विचारावे' हे वाक्य तर हवेच. बारा अक्षर-अंकांचा आयसिन क्रमांक सोबत दिल्यास पडताळा घेता येतो, कारण त्याचा शेवटचा अंक तपासणीसाठीच असतो. मात्र शेअरचे दर्शनी मूल्य बदलले की आपल्याकडे हा क्रमांकही बदलतो, हे सांगायला हवे.

उलट, पाच पाने लिहिणेही शहाणपणाचे नव्हे. पत्रक एजंटपुढे पुन्हा पुन्हा ठेवले जाते. लांबण लावली की खर्च वाढतो आणि मुद्दा हरवतो.

शिक्षकांना हा विषय परका वाटू नये. वर्गात एक प्रयोग करून पाहा. हजेरीपटातून 'पाटील' शोधून देण्याच्या सूचना मुलांना लिहायला सांगा. त्या दुसऱ्या वर्गातील मुलाच्या हाती द्या, आणि लिहिणाऱ्याने तोंडातून अक्षर काढायचे नाही. चार पाटील निघाले की सूचना कोठे तोकडी पडली, ते मुलांनाच कळेल. प्रयोगवहीतील 'कृती' नेमकी का लिहायची, हेही त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.