इक्ता आणि ‘सरंजामशाही’ : एका समीकरणाची चिकित्सा

मराठीतून मध्ययुगीन भारताचा इतिहास शिकविताना ‘इक्ता’ या संज्ञेला आपण सहसा ‘जहागीर’ किंवा ‘सरंजाम’ असा पर्याय देतो. दुसऱ्या पर्यायावरून विद्यार्थी विनासायास ‘सरंजामशाही’पर्यंत येऊन पोहोचतो. सुलतानाने सरदारांना जमिनी दिल्या, सरदारांनी त्यांच्या बळावर फौजा बाळगल्या आणि केंद्रसत्ता दुबळी होताच ते स्वतंत्र झाले, असे एक सुटसुटीत चित्र मग तयार होते. हे चित्र मूलतः युरोपातील फ्यूडल व्यवस्थेचे आहे. दिल्ली सल्तनतीच्या फारसी साधनांतून दिसणारी इक्ता त्यात बसत नाही. ती बसविण्याच्या खटाटोपात सैन्याचा खर्च कोणाच्या वसुलीतून भागत होता व त्याचा हिशेब कोण तपासत होते, हा मूळ प्रश्नच नजरेआड होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे भाषेचा एक विचित्र योगायोग नोंदविला पाहिजे. ‘सरंजाम’ या फारसी शब्दाचा अर्थ सामग्री, तयारी. पूजेचा किंवा लग्नाचा सरंजाम असे आपण आजही म्हणतो. पेशवाईतील सरंजाम हीदेखील फौज बाळगण्यासाठी लावून दिलेली महसुलाची नेमणूक होती. वतन किंवा इनाम यांहून ती तत्त्वतः वेगळी आणि सरकारला परत घेता येण्याजोगी होती. म्हणजे महसुलाच्या नेमणुकीचे नाव आपण ‘फ्यूडॅलिझम’ला दिले आणि मग त्या नावाच्या आधारे इक्तेला फ्यूडल ठरविले. हा युक्तिवाद नव्हे, शब्दाने घातलेला घोळ आहे.

इक्ता म्हणजे विशिष्ट प्रदेशाचा महसूल गोळा करण्याचा सोपविलेला अधिकार. सेल्जुक वजीर निजामुल्मुल्क याने अकराव्या शतकातील ‘सियासतनामा’ या ग्रंथात त्याची मर्यादा स्पष्ट केली आहे. रयतेकडून ठरलेला रास्त महसूल घेणे एवढाच इक्तादाराचा हक्क. रयतेच्या जीवितावर, मालमत्तेवर वा बायकामुलांवर त्याचा अधिकार नाही. हे आदर्शाचे विधान आहे, वास्तवाचे वर्णन नव्हे, हे मान्यच आहे. तथापि ज्या व्यवस्थेच्या आदर्शातच जमिनीचे स्वामित्व येत नाही, तिला ‘भूमिदान’ म्हणणे योग्य नाही.

दिल्लीत या व्यवस्थेचा कस लागला तो बलबनाच्या काळात (१२६६-१२८७). इल्तुत्मिशने सुमारे दोन हजार घोडेस्वारांना दुआबातील गावे वेतनापोटी लावून दिली होती. बलबनाने चौकशी केली तेव्हा अनेक स्वार वृद्ध झाले होते, कित्येक मरण पावले होते आणि त्यांची गावे मुले व गुलाम वारसाहक्काने उपभोगीत होते. चाकरी नाही आणि महसूल मात्र चालू! बलबनाने गावे परत घेऊन वृद्धांना निर्वाहवेतन देण्याचा हुकूम काढला. पुढे दिल्लीचा कोतवाल फखरुद्दीन याने वृद्धांची बाजू मांडताच सुलतानाचे मन द्रवले आणि हुकूम मागे घेतला गेला, असे बरनी सांगतो.

या प्रसंगाकडे सुलतानाच्या कनवाळूपणाची कथा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. बरनीचा हेतूही तोच असावा. परंतु ‘तारीखे फिरोजशाही’ १३५७ मध्ये, म्हणजे बलबनाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी पूर्ण झाली आणि तिचा कर्ता स्वतः जुन्या अधिकारी घराण्यातला होता. त्याचा चुलता अलाउल्मुल्क अलाउद्दीनाच्या काळात दिल्लीचा कोतवाल होता. जुन्या घराण्यांची मिळकत सुरक्षित राहणे हे त्याला सुराज्याचे लक्षण वाटत असल्यास नवल नाही. कथेतील करुणरस बाजूला ठेवला की उरते ते एवढेच : दोन पिढ्यांत नेमणुकीची मिळकत झाली होती आणि बलबनासारख्या कठोर सुलतानालाही ती मोडून काढता आली नाही.

अलाउद्दीन खल्जीने (१२९६-१३१६) हा पेच वेगळ्या मार्गाने सोडविला. दिल्लीच्या आसपासचा व दुआबातील मोठा प्रदेश त्याने खालशात आणला, मोजणी करून उत्पन्नाचा निम्मा हिस्सा महसूल ठरविला आणि शिपायाला वर्षाला २३४ टंके रोख वेतन दिले. घोड्यांना डाग देण्याची पद्धत याच कारकिर्दीतली. त्याचे भावनियंत्रण स्वतंत्र आर्थिक प्रयोग म्हणून शिकविले जाते. वस्तुतः बरनीच त्याचा संबंध कमी वेतनात मोठी फौज पोसण्याशी जोडतो. अर्थात सेनापती व प्रांताधिकारी यांच्या इक्ता चालूच होत्या. मात्र सामान्य स्वाराच्या हातून गाव गेले. ‘सरंजामशाही’ ही संज्ञा वापरणाऱ्याला या वीस वर्षांचे काय करायचे हे कळत नाही, म्हणून तो अलाउद्दीनाला अपवाद ठरवून मोकळा होतो.

अपवाद म्हणावे तर मुहम्मद तुघलकाची कारकीर्दही (१३२५-१३५१) त्यातच घालावी लागेल. अल-उमरीच्या वृत्तांतानुसार या काळात सैनिकांना वेतन खजिन्यातून मिळे आणि खान, मलिक, अमीर यांच्या इक्ता केवळ त्यांच्या वैयक्तिक वेतनापोटी असत. वसुली व सेना ही दोन कामे वेगळी करण्याचा हा प्रयत्न होता. इब्न बतूता अमरोह्याला गेला तेव्हा तेथे अमीर वेगळा आणि महसूल अधिकारी अझीझ खम्मार वेगळा असल्याचे त्याला दिसले. पुढे धारला नेमलेल्या अझीझ खम्मारने ऐंशीहून अधिक ‘सदा अमीर’, म्हणजे शंभर स्वारांचे नायक, एकदम ठार केले. गुजरात आणि दौलताबाद येथील सदा अमीर पेटून उठले ते यानंतर, आणि १३४७ मध्ये दख्खनमध्ये बहमनी राज्य उभे राहिले. आपल्याकडे या बंडाची मीमांसा सुलतानाच्या लहरी स्वभावावरून केली जाते. सेनानायकांच्या हातून महसुलाची चावी काढून घेतल्याचा परिणाम म्हणून इरफान हबीब यांनी या असंतोषाकडे पाहिले आहे आणि ती मीमांसा अधिक पटणारी आहे.

फिरोजशाहने (१३५१-१३८८) सैनिकांना पुन्हा गावांचा महसूल, ज्याला ‘वजह’ म्हणत, लावून दिला. शिपायामागे ती नेमणूक मुलाकडे, मुलगा नसल्यास जावयाकडे, तोही नसल्यास गुलामाकडे जाऊ लागली. ख्वाजा हिसामुद्दीन जुनैद याने सहा वर्षे फिरून राज्याची जमा सहा कोटी पंचाहत्तर लाख टंके ठरविली आणि ती कारकिर्दीच्या अखेरपर्यंत बदलली नाही. लागवड वाढली तरी वाढीव उत्पन्न सरकारी हिशेबात येणार नव्हते. ते इक्तादाराकडेच राहणार होते. तैमूरच्या स्वारीनंतरच्या उद्ध्वस्त दिल्लीकडे पाहत लिहिणाऱ्या शम्स सिराज अफीफला हे सारे सुवर्णयुग वाटले, यात त्याचा दोष थोडा, आपला अधिक. कारण आपण त्याचे कौतुक तसेच उचलले.

इक्तेवरील अभ्यासाची परंपरा जुनी आहे. मोरलँड यांनी १९२९ मध्येच इक्तादाराला फ्यूडल सामंत न मानता नोकरशाहीतील अधिकारी मानले. रामशरण शर्मा यांचा ‘भारतीय सामंतशाही’चा सिद्धांत (१९६५) मुख्यतः सल्तनतपूर्व ताम्रपटांवर उभा आहे, त्यावर हरबंस मुखिया यांनी घेतलेले आक्षेप (१९८१) सर्वश्रुत आहेत. मोरलँड यांचे मत शर्मांच्या परिभाषेपेक्षा साधनांना जवळचे असले, तरी ‘अधिकारी’ हा शब्दही फिरोजशाहच्या काळातील वारसाला लागू पडत नाही. इक्ता हे एकाच नावाखाली बदलत गेलेले नाते आहे. हिशेब दिवाणाच्या हाती असेल तेव्हा ती वेतन असते. तो सुटला की मिळकत होते.

हे बदललेले नाते अफीफच्याच पानांवर दिसते. ज्यांना गाव मिळाले नाही त्यांना ‘इतलाक’ म्हणजे इक्तेवरची वरात मिळे. ती घेऊन प्रत्यक्ष इक्तेत गेल्यास निम्मी रक्कम हाती येई. म्हणून दिल्लीतील दलाल या वराती एक तृतीयांश किमतीला विकत घेत आणि इक्तेत जाऊन निम्मे वसूल करीत. शंभर टंके वेतनाच्या शिपायाला तेहतीस, दलालाला सतरा. उरलेले पन्नास इक्तेबाहेर पडतच नसत. घोड्यांच्या पाहणीची अवस्था याहून वेगळी नव्हती. आपला घोडा पाहणीत उतरणार नाही म्हणून रडकुंडीस आलेल्या एका शिपायाला खुद्द सुलतानाने सोन्याचा टंका दिला, तो कारकुनाच्या हातावर ठेवण्यासाठी. अफीफ ही गोष्ट सुलतानाच्या औदार्याचा दाखला म्हणून सांगतो.