'तायो', 'कामी' आणि साक्षी : 'आय-विटनेस' या अनुबोधपट-मालिकेच्या निवेदनाविषयी

फिलिपीन्समधील जीएमए वाहिनीवर १९९९ साली सुरू झालेली 'आय-विटनेस' ही तागालोग भाषेतील अनुबोधपट-मालिका अनेक पुरस्कारांची मानकरी ठरली आहे. कुपोषण, बालकांचे शोषण, दुर्गम वस्त्यांतील जगणे असे विषय हाताळणाऱ्या मालिकेची चर्चा साहजिकच विषयांच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखाचा रोख विषयांकडे नसून निवेदनाकडे आहे. या मालिकेतील महत्त्वाचा नैतिक प्रश्न तिच्या सर्वनामांत दडलेला आहे आणि मराठी वाचकाला तो इंग्रजी वाचकापेक्षा अधिक सहजतेने कळू शकतो, असे येथे मांडावयाचे आहे.

मालिका तागालोग, नाव मात्र इंग्रजी. 'आय' या एकाच ध्वनीत इंग्रजीतील 'डोळा' आणि 'मी' असे दोन्ही अर्थ आहेत, आणि नावातील श्लेष मालिकेच्या रूपबंधाचे नेमके वर्णन करतो. प्रत्येक भाग एका वार्ताहराचा असतो. कारा डेव्हिड, हॉवी सेव्हेरिनो, सँड्रा अगिनाल्दो, जे तारुक ही त्यांतील परिचित नावे. अदृश्य, सर्वज्ञ निवेदकाचा धीरगंभीर आवाज येथे नाही. वार्ताहर स्वतः चौकटीत येतो, चालतो, दमतो, विचारतो आणि प्रथमपुरुषात सांगतो. आपल्याकडे 'साक्षी' आणि 'साक्षीदार' हे दोन शब्द आहेत. वेदान्तातील साक्षी पाहतो, पण लिप्त होत नाही. न्यायालयातील साक्षीदाराला मात्र उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. 'आय-विटनेस'मधील 'मी' या दोहोंपैकी कोण, हे त्या त्या भागातील 'आम्ही' आणि 'आपण' यांच्या वापरावरून ठरते.

तागालोगमध्ये प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही'. 'तायो' म्हणजे ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण'. हा भेद मराठीला घरचा आहे. (हिंदीत तो नाही, मराठीत तो द्राविड संपर्कातून आला असे भाषाभ्यासक मानतात.) इंग्रजीत मात्र दोहोंचे एकच सर्वनाम होते. त्यामुळे तागालोग निवेदक प्रत्येक वाक्यात जी निवड करतो, ती इंग्रजी उपशीर्षकांत पुसली जाते. निवेदक चित्रीकरण-चमूसह डोंगर चढला, तर 'कामी' चढलो, कारण प्रेक्षक घरी बसलेला आहे. पण 'देश म्हणून कुठे कमी पडलो' असे विचारताना 'तायो' येतो आणि घरी बसलेला प्रेक्षक आरोपींत सामील होतो.

या सर्वनामांवर फिलिपीन्समध्ये एक संपूर्ण इतिहासमीमांसा उभी राहिली आहे. फिलिपीन्स विद्यापीठातील इतिहासकार झेउस सालाझार यांनी मांडलेला 'पांतायोंग पनानाव' हा विचारव्यूह 'तायो' या सर्वनामावरच रचलेला आहे. बाहेरच्यांनी 'त्यांच्या'विषयी केलेली मांडणी एक. स्वदेशी बुद्धिवंतांनी बाहेरच्यांना 'आम्ही असे नाही' हे पटवण्यासाठी केलेली 'कामी'ची मांडणी दुसरी. आणि आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांशी, आपल्याविषयी चाललेला संवाद, म्हणजे 'तायो'ची मांडणी, तिसरी. सालाझार यांच्या मते खरा इतिहास तिसऱ्या प्रकारातच संभवतो. वसाहतीच्या भाषेत लिहिलेला राष्ट्रवादी इतिहासदेखील अखेर परक्याला उद्देशून दिलेली सफाई ठरतो, हे त्यांचे निरीक्षण आपल्याकडच्या इंग्रजी लेखनालाही झोंबणारे आहे.

ही चौकट घेऊन मालिकेतील एका प्रसिद्ध भागाकडे वळू. कारा डेव्हिड यांच्या 'आंबुलान्सियांग दे पा' या अनुबोधपटाला २०१० या वर्षाचा पीबडी पुरस्कार मिळाला. मिंदोरो बेटावरील डोंगरात राहणारे मांग्यान लोक आजारी माणसाला झोळीत घालतात, झोळी बांबूला अडकवतात आणि पायी डोंगर उतरून रुग्णालयाकडे नेतात. 'पायांची रुग्णवाहिका' असा शीर्षकाचा अर्थ होतो, पण त्यातील विनोद या भाषांतरात उतरत नाही. तागालोगने स्पॅनिशमधून घेतलेले 'दे' हे उपपद एखादी गोष्ट कशावर चालते किंवा कशात भरलेली असते हे सांगते. डबाबंद पदार्थ 'दे-लाता', किल्लीवर चालणारे खेळणे 'दे-सुसी'. तेव्हा 'दे पा' म्हणजे पायांवर चालणारी. आपल्याकडे पायी जाण्याला 'अकरा नंबरची बस' म्हणतात, त्याच जातीचा हा विनोद आहे. गरिबीने स्वतःवर केलेला, आणि म्हणून बाहेरच्याने वापरताना जपून वापरावा असा.

माझ्या मते या अनुबोधपटाची खरी शक्ती चालण्यात आहे. झोळीची बातमी आपणही वाचतो. पावसाळ्यात पालघर, नंदुरबार, गडचिरोली येथून ती जवळपास दरवर्षी येते, आणि एका छायाचित्रात व चार ओळींत संपते. छायाचित्रात झोळी थांबलेली असते. अनुबोधपटात ती हलत राहते, आणि अंतर हे किलोमीटरचे नसून वेळेचे व श्वासाचे असते हे प्रेक्षकाला कळू लागते. निवेदिका सोबत चालते. झोळी मात्र तिच्या खांद्यावर नसते, आणि कॅमेराही बहुतेक वेळा पाहण्यासाठीच तिथे असतो. साक्षी आणि साक्षीदार यांमधील सीमारेषा या पाऊलवाटेवर फार अरुंद होते.

याच रूपबंधाचा एक धोकाही आहे. चालणे जितके परिणामकारक, तितका दोष डोंगराकडे जाण्याची शक्यता अधिक. जणू उंची आणि चिखल हीच आजारी माणसाच्या दैन्याची कारणे. वास्तविक फिलिपीन्समध्ये १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने आरोग्यसेवेचा मोठा भार प्रांत व नगरपालिकांकडे सोपवला. त्यामुळे गरीब नगरपालिकेच्या डोंगरावर दवाखाना नसणे हा भूगोलाइतकाच अर्थसंकल्पाचा विषय आहे. दृश्य माध्यमाला अर्थसंकल्प दाखवता येत नाही, डोंगर दाखवता येतो. या बाबतीत शीर्षक निवेदनाच्या पुढे गेले आहे असे मला वाटते, कारण 'रुग्णवाहिका' हा शब्द उच्चारताच ती नसल्याची, म्हणजे कोणीतरी ती दिलेली नसल्याची, जाणीव होते.

आता 'तायो'कडे परत येऊ. मांग्यान हे एक नाव असले तरी त्यात आठ समूह येतात. त्यांच्या भाषा तागालोगहून वेगळ्या आहेत. तागालोग त्यांच्यापर्यंत आली ती सपाटीवरच्या लोकांची, बाजाराची आणि शाळेची भाषा म्हणून. त्यांतील हानुनोओ समूह ब्राह्मी कुळातील स्वतःची लिपी आजही बांबूवर सुरीने कोरतो. सात अक्षरांच्या चरणांचे 'आंबाहान' हे काव्य त्या लिपीत टिकून आहे, आणि १९९९ साली युनेस्कोने ही लिपी जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतली. (हा 'आय-विटनेस'च्या प्रारंभाचाच साल, हा केवळ योगायोग.) ज्यांच्याकडे लिहिण्याची स्वतंत्र परंपरा आहे, त्यांना पडद्यावर मुख्यतः 'वाहून नेणारे' आणि 'वाहून नेले जाणारे' म्हणून यावे लागते. तागालोग निवेदक प्रेक्षकांना 'तायो' म्हणतो, तेव्हा त्या 'आपण'मध्ये मांग्यान आहेत काय? व्याकरणाने ते असू शकतात, पण घटनास्थितीत ते बहुधा 'सिला', म्हणजे 'ते', असतात. सालाझार यांच्या विचारव्यूहावर घेतला गेलेला मुख्य आक्षेपही हाच आहे : ज्या भाषेत 'आपण' म्हणायचे ती राजधानीच्या परिसराची भाषा असेल, तर परिघावरच्यांना त्या 'आपण'मध्ये पाहुणे म्हणूनच प्रवेश मिळतो.

पुरस्काराने हे गणित आणखी गुंतागुंतीचे केले. पीबडी पुरस्कार अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातून दिला जातो. स्वदेशी प्रेक्षकाला उद्देशून केलेले 'तायो'चे निवेदन तेथे पोहोचते ते अनुवादित होऊन, आणि एका अर्थी 'कामी' होऊन: 'पाहा, आमच्याकडे असे आहे.' पुरस्कारामुळे कृतीचे मूल्य कमी होते असे म्हणणे बाष्कळपणाचे ठरेल. पण कोणाला उद्देशून बोलले गेले आणि कोणी ऐकून वाखाणले, यांतील अंतराची नोंद समीक्षेने घेतली पाहिजे.

या पार्श्वभूमीवर हॉवी सेव्हेरिनो यांचा २०२० मधील 'आको सि पेशंट २८२८' हा भाग लक्षणीय वाटतो. कोविडच्या पहिल्या लाटेत सेव्हेरिनो स्वतः बाधित झाले. फिलिपीन्सच्या रुग्णगणनेतील त्यांचा क्रमांक २८२८. 'आको' म्हणजे मी. 'सि' हे तागालोगमध्ये व्यक्तिनामापूर्वी येणारे उपपद. वस्तूंसाठी वेगळे उपपद असते. क्रमांकापूर्वी 'सि' लावून शीर्षक त्या आकड्याला माणसाच्या नावाचा दर्जा देते. येथे साक्षीदार हाच विषय आहे, त्यामुळे 'ते' म्हणण्याची सोयच उरत नाही. तरीही एक विषमता राहते. वार्ताहर आजारी पडतो तेव्हा त्याच्याजवळ 'आको' म्हणण्याचे साधन तयार असते. झोळीतला रुग्ण हे 'आको' उच्चारतो तेव्हा त्याचे संकलन दुसऱ्याच्या हाती असते. मालिकेतील सर्वोत्तम भाग ही विषमता लपवत नाहीत, आणि मला त्यांचे मोठेपण त्यातच दिसते.

उद्या हे अनुबोधपट कोणी मराठीत आणले, तर अनुवादकाला इंग्रजी उपशीर्षकांवर विसंबता येणार नाही. प्रत्येक 'आम्ही' आणि 'आपण'साठी त्याला मूळ तागालोग कानांनी ऐकावे लागेल. आणि डोंगरावरच्या प्रसंगांत, जिथे निवेदिका 'तायो' म्हणते पण चौकटीत मांग्यान उभे आहेत, तिथे कोणता शब्द घालायचा याचा निर्णय त्याला स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा लागेल.