कौशेय ते बांबूचे कापड : वस्त्रनामांतील विकारविचार

वस्त्राला नाव देताना ते कशापासून झाले हे सांगण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. क्षुमेपासून क्षौम, कोशापासून कौशेय, वल्कापासून वल्कल ही संस्कृत नामे त्याच रीतीची होत. मराठीतही आपण सुती, लोकरी, तागाचे असे म्हणतो आणि तेवढ्याने ऐकणाराचे समाधान होते. गेल्या काही वर्षांत बाजारात या रीतीची नवी नामे आली आहेत : बांबूचे कापड, अननसाचे चामडे, निवडुंगाचे चामडे, केळीचे वस्त्र. त्यांच्या पाठोपाठ 'पर्यावरणस्नेही' आणि 'शाश्वत' ही दोन विशेषणे बहुधा असतातच. प्रस्तुत लेखात या नामांची चिकित्सा करावयाची आहे. वस्त्ररसायन हा लेखकाचा प्रांत नव्हे. परंतु दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकापाशी वस्तूविषयीचा पुरावा म्हणून बहुधा तिचे नाव तेवढेच असते, आणि नावाची परीक्षा करणे हे भाषाभ्यासकाचे कामच आहे.

प्रथम 'कौशेय' या शब्दाकडे वळू. पाणिनीने हा शब्द 'संभूत' या अर्थाच्या प्रकरणात साधला आहे. म्हणजे जे कोशात संभवते ते कौशेय. वार्तिककार कात्यायनाने त्यावर आक्षेप घेतला. वस्त्र काही कोशात संभवत नाही, सबब हा प्रत्यय 'विकार' या अर्थी सांगावयास हवा, असे त्याचे म्हणणे. कोशात खरोखर संभवतो तो किडा. मग त्यालाही कौशेय म्हणण्याचा प्रसंग येईल! पुढील टीकाकारांनी रूढीचा आश्रय करून हा पेच सोडविला : शब्द वस्त्रापुरताच रूढ आहे, किड्यास लागू नाही. हा वाद वरवर पाहता केवळ पंडिती वाटेल. पण एखादी वस्तू अमुक ठिकाणी उपजली असे म्हणणे आणि ती अमुक पदार्थाचे रूपांतर आहे असे म्हणणे, या दोहोंतील अंतर कात्यायनाने नेमके हेरले होते. आजच्या वस्त्रनामांचा सारा घोटाळा या अंतरातच आहे.

मराठीत हे अंतर दाखविण्यास वेगळा प्रत्यय नाही. षष्ठीचा 'चा-ची-चे' हा सर्व ओझी वाहतो. 'सुताचे कापड' यात सूत कापडात जसेच्या तसे नांदते. 'उसाची साखर' यात उसाचा तंतूही शिल्लक राहत नाही. दोन्हीकडे प्रत्यय एकच, परंतु पहिल्यात घटकसंबंध आहे आणि दुसऱ्यात विकारसंबंध. परिचित वस्तूंच्या बाबतीत यामुळे अडचण येत नाही, कारण ऊस गाळून, रस आटवून साखर होते हे आपल्याला ठाऊक असते. शब्दात जे नाही ते अनुभव पुरवतो. अनुभव नसेल तेथे मात्र ऐकणारा सोपा अर्थ धरतो.

'बांबूचे कापड' हे ऐकताच मनासमोर बांबूचे तंतू सोलून, कातून विणलेले वस्त्र उभे राहते. बांबू कुटून, सडवून त्याचे तंतू काढण्याची रीत आहे, नाही असे नाही. पण तसे कापड विरळा. बाजारातील मऊ, झुळझुळीत 'बांबूचे कापड' बहुधा व्हिस्कोज असते. बांबूचा लगदा दाहक सोड्यात भिजवावयाचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करावयाची, तो विरघळवून दाट द्राव करावयाचा आणि सूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावात सोडून त्याचा धागा करावयाचा, अशी ही कृती आहे. क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी १८९२ साली इंग्लंडात तिचे एकस्व घेतले. हाच धागा पुढे रेयॉन म्हणून प्रसिद्ध झाला. कार्बन डायसल्फाइड मज्जासंस्थेला अपायकारक आहे, आणि त्याची झळ प्रथम लागते ती कारखान्यातील कामगारास. लगदा देवदाराचा असो, निलगिरीचा असो की बांबूचा, निघणारा धागा शुद्ध केलेल्या सेल्युलोजचाच असतो. त्यात बांबूचे म्हणून सांगावे असे जवळजवळ काही उरत नाही.

तरीही नावातला बांबू आपले सारे गुण घेऊन येतो. तो झपाट्याने वाढतो, त्याला खतपाणी थोडे लागते, तो जंतुरोधक आहे, ही सर्व कीर्ती कापडाच्या अंगी चिकटते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ पासून या नामाविरुद्ध कारवाई चालविली आहे. असे कापड 'बांबूपासून केलेले रेयॉन' म्हणून विकावे, नुसते 'बांबू' म्हणू नये, अशी त्याची भूमिका आहे. २०१३ साली चार मोठ्या विक्रेत्यांनी या कारणास्तव एकूण १२ लक्ष ६० हजार डॉलर दंड भरण्याचे मान्य केले, आणि २०२२ साली कोल्स व वॉलमार्ट या दोघांवर मिळून ५५ लक्ष डॉलरचा भार पडला. कात्यायनाचा आक्षेपच येथे न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

असे नामांतर पूर्वीही झाले आहे. शार्दोने याने १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेला कृत्रिम धागा 'कृत्रिम रेशीम' म्हणून ओळखला गेला. त्या इंग्रजी नावाच्या पूर्वपदाचा संकोच होऊन 'आर्ट सिल्क' हे नाव आपल्या पेठांत स्थिरावले. 'आर्ट' म्हणजे येथे कृत्रिम. परंतु पुष्कळ गिऱ्हाइकांस त्यात कलेचा भास होतो आणि दुकानदारही तो मोडीत नाही. कबुली देणारा शब्दच आखूड होऊन भूषण झाला.

'अननसाचे चामडे' या नामात अडचण दुहेरी आहे. त्यावरील नेहमीचा आक्षेप उत्तरपदावर असतो : जनावराच्या कातडीवाचून चामडे कसले? पोर्तुगालने २०२२ साली कायद्यानेच 'चामडे' हा शब्द प्राणिजन्य वस्तूसाठी राखून ठेवला. प्रस्तुत लेखकास हा आक्षेप गौण वाटतो. बेंदराला आपण मातीचे बैल पुजतो. ते कोणी नांगराला जुंपीत नाही. कागदाच्या फुलाचा वास कोणी घेत नाही. पूर्वपदाने उत्तरपदाचा वाच्यार्थ काढून घ्यावा, केवळ आकारसाम्य ठेवावे, ही भाषेची सरावाची रीत आहे. 'अननसाचे' म्हटल्यावर ते गाईचे वा शेळीचे नव्हे हे कोणासही समजते. जे समजत नाही ते निराळेच : ते नुसत्या अननसाचेही नव्हे.

कार्मेन इहोसा या स्पॅनिश विदुषी फिलिपिन्समध्ये चर्मोद्योगाच्या सल्लागार म्हणून गेल्या असता तेथील कातडी कमावण्याचे दुष्परिणाम पाहून पर्यायाच्या शोधास लागल्या. अननसाच्या टाकाऊ पानांतील तंतूंपासून त्यांनी 'पिन्याटेक्स' हा पदार्थ सिद्ध केला. बुरणुसाप्रमाणे तो विणलेला नसून दाबून जमविलेला थर असतो. त्या थरात सुमारे ८० टक्के अननसतंतू आणि २० टक्के वनस्पतिजन्य पॉलिलॅक्टिक आम्ल असते. पुढे त्यावर राळेचा लेप बसतो, आणि त्या लेपात खनिज तेलापासून केलेले पॉलियुरेथेनही असते. शेतकऱ्यास फेकून दिलेल्या पानांचे पैसे मिळतात, हा या उद्योगाचा गुण निर्विवाद आहे. परंतु त्या लेपामुळे वस्तू मातीत सहज मिसळत नाही, आणि 'अननसाचे' हे विशेषण या लेपाविषयी अवाक्षर काढीत नाही. म्हणजे कायदा नामाचे रक्षण करीत बसला असता लबाडीला खरी जागा विशेषणात मिळते. त्याच फिलिपिन्समध्ये अननसाच्या पानांचे तंतू हाताने सोलून, गाठी मारून, हातमागावर विणलेले 'पिन्या' हे तलम वस्त्र शतकानुशतके होत आले आहे. आक्लान प्रांतातील या विणकामाचा समावेश युनेस्कोने २०२३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केला. ते 'सुताचे' या अर्थाने अननसाचे आहे. एकच षष्ठी या दोहोंस सारखीच लागते.

आता 'शाश्वत'. १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालानंतर जगभर प्रचलित झालेल्या संकल्पनेस मराठीत 'शाश्वत विकास' हा प्रतिशब्द रूढ झाला. विकासाची क्रिया खंडित न होता चालावी, या अर्थी तो चालून जातो. तेच विशेषण कापडास लावले की मात्र अर्थ फिरतो. शाश्वत म्हणजे नाश न पावणारे. या कसोटीस आजच्या वस्त्रांपैकी सर्वांत उत्तम उतरेल ते पॉलिएस्टर, कारण ते मातीत कुजण्याचे नाव घेत नाही! आपल्याला इष्ट वस्त्र याच्या उलट आहे : अंगावर असेतो टिकणारे आणि काम सरल्यावर नष्ट होणारे. 'पर्यावरणस्नेही' हा शब्द चुकीचा नाही, पण पोकळ आहे. स्नेह कोणत्या टप्प्यावर, किती, हे तो सांगत नाही. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे मोघम शब्द योग्य खुलासा व पुरावा दिल्यावाचून जाहिरातीत वापरता येत नाहीत. अर्थशून्य विशेषणाचा दोष येथे शासनानेही मान्य केला आहे.

मग वस्त्राचे नाव असावे तरी कसे? एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. 'खादी' हे नाव पदार्थावरून पडलेले नाही. १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोग अधिनियमात कापूस, रेशीम वा लोकर यांच्या, भारतात हाताने कातलेल्या सुताचे, भारतात हातमागावर विणलेले कापड अशी तिची व्याख्या आहे. म्हणजे नामाचा अर्थ कृतीने निश्चित झाला आहे. कापसाला किती पाणी पाजले, किती औषध फवारले, हे खादीही सांगत नाही. तेवढी ती अपुरी. तथापि कृती हे नामाचे अंग होऊ शकते, एवढे तिने सिद्ध केले आहे.

वस्त्राच्या अखेरीविषयी तर मराठी विलक्षण संपन्न आहे. लुगडे मध्ये विरले की तो भाग काढून, उरलेले तुकडे जोडून दंड घालावयाचा. मग त्याचा धडपा होतो, बाळाचे दुपटे होते, गोधडीचा थर होतो, मग फडके, मग चिंधी, आणि अखेरीस पोतेरे किंवा देवापुढचा काकडा. ही शब्दसंपत्ती दारिद्र्याने घडविली, तिचे कौतुक करताना हे विसरता कामा नये. पण कापड संपते कसे, हे सांगणारे शब्द एका भाषेत होते, आणि नव्या कापडास ते लागू पडत नाहीत, ही गोष्टही बोलकी आहे. पॉलिएस्टरच्या चिंधीचा काकडा होत नाही. ती वितळून तिचे थेंब गळतात.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की वस्त्रनामाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयास हवीत : मूळ काय, विकार कोणता, अंत काय. बांबूच्या व्हिस्कोजचा आरंभ चांगला, अंतही बरा, कारण सेल्युलोज कुजते; दोष आहे तो मधल्या विकारात. अननसाच्या लेपित थराचा आरंभ चांगला आणि दोष अंती. आजची नामे केवळ आरंभ सांगतात आणि तेथेच थांबतात. 'बांबूजन्य व्हिस्कोज', 'लेपित अननसतंतू' ही नावे कानाला गोड लागणार नाहीत, पण खरी आहेत.

हा प्रश्न केवळ शब्दशुद्धीचा असता तर त्यावर इतका मजकूर खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. जळगावकडे केळीचा घड उतरल्यावर खोड कापून टाकावे लागते. त्या खोडाचे तंतू यंत्राने खरवडून, धुऊन, वाळवून कोणी सूत काढील. उद्या दुसरा कोणी त्याच खोडाचा लगदा कार्बन डायसल्फाइडच्या वाटेने नेईल. दोघांचेही कापड 'केळीचे'च ठरेल, आणि स्पर्धेत पहिला हरेल, कारण त्याचे कष्ट सांगणारा शब्द भाषेने त्याला दिला नाही. आपल्या विभागातून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या पाठ्यपुस्तके लिहितील, कोश रचतील, जाहिरातींची भाषांतरे करतील. समोर 'चे' आले की तो घटकाचा की विकाराचा, एवढे विचारण्याची सवय त्यांनी लावून घेतली तरी कात्यायनाचा आक्षेप सार्थकी लागेल.