अविकारी नायक आणि स्मृती : ‘सॉनिक’ खेळमालेतील कथानकाची वाटचाल

व्यापारी संस्थेच्या शुभंकरास नायक करून रचलेल्या कथेचे परीक्षण करताना एक अडचण आरंभीच लक्षात घ्यावी लागते. कादंबरीचा नायक घटनांच्या आघाताने बदलतो, आणि तो बदल घडविण्यातच कादंबरीकाराचे कसब पणास लागते. शुभंकराला बदलण्याची मुभा नसते. वेष्टनावर तो जसा छापलेला असतो तसाच तो कथेच्या अखेरीस उरला पाहिजे. त्याचे वय वाढता कामा नये. पुढील खेळात ज्याची खूण दिसेल असा घावही त्याला बसता कामा नये. जपानमधील सेगा या संस्थेने १९९१ साली पुढे आणलेला सॉनिक नावाचा निळा, काटेरी पाठीचा, अतिवेगवान हेजहॉग हा या जातीच्या नायकांचा ठळक नमुना होय. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या खेळमालेविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो, तो असा की तिच्या कथानकांत सुसंगती नाही. आक्षेप खोटा नव्हे; पण तो वरवरचा आहे. नायक अविकारी ठेवल्यावर घडलेल्या गोष्टींचा भार कोणी वाहावयाचा आणि त्यांची स्मृती कोणाच्या ठायी राहावयाची, हा या कथामालेपुढील खरा प्रश्न आहे. तिचे यशापयश याच कसोटीवर तपासणे इष्ट ठरेल.

निन्टेन्डो या प्रतिस्पर्धी संस्थेच्या मारिओला तोडीस तोड असा शुभंकर सेगाला हवा होता. युजी नाका यांची संगणकीय रचना, नाओतो ओशिमा यांचे पात्ररेखाटन आणि हिरोकाझु यासुहारा यांची खेळभूमीची आखणी यांतून तो सिद्ध झाला. या पहिल्या खेळाची कथा मुख्यतः सोबतच्या पुस्तिकेत होती, आणि तीही एकच नव्हती. जपानी पुस्तिकेतील दुष्ट शास्त्रज्ञ डॉक्टर एगमन साउथ आयलंड नावाच्या बेटावर चाल करून येतो. अमेरिकन पुस्तिकेत त्याचेच नाव डॉक्टर रोबोटनिक होते, आणि अमेरिकेतील कथारूपांत मोबियस नामक ग्रह आला. पडद्यावर मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट दिसे : शास्त्रज्ञाने लहानसहान प्राण्यांना पकडून यंत्रांत कोंडले आहे, आणि नायकाने यंत्र फोडले की आतील प्राणी टुणकन बाहेर पडून पळून जातो. ही साधी योजना पुढे फार मोलाची ठरली. अमेरिकेत १९९३ पासून निघालेल्या दूरचित्रवाणी-मालिका आणि आर्ची कॉमिक्सचे १९९३ ते २०१७ पर्यंत चाललेले चित्रकथा-मासिक यांनी मोबियसच्या कल्पनेवर आपापले स्वतंत्र विश्व उभारले. त्यांचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा. येथे एवढेच नमूद करणे पुरे की त्या मासिकातही २०१३ साली विश्वाची फेरमांडणी होऊन वीस वर्षांचा पूर्ववृत्तान्त बाजूस सारला गेला.

खेळाच्या अंगानेच कथा सांगण्याची शक्ती प्रथम पूर्णत्वाने प्रकटली ती १९९४ साली आलेल्या ‘सॉनिक द हेजहॉग ३’ आणि ‘सॉनिक अँड नकल्स’ या जोडखेळात. हे दोन भाग एकमेकांवर बसवून सलग खेळता येत. त्यांत एकही संवाद नाही. नकल्स हा एकिडना जातीचा रक्षक सॉनिकला शत्रू समजतो. त्याच्याजवळची रत्ने हिसकावतो, कळ दाबून त्याला खाली पाडतो, आणि दर वेळी तोंडावर हात धरून हसतो. त्याची फसवणूक झाली आहे हे उघड होते ते हिडन पॅलेसमध्ये. तो सॉनिकशी झुंजत असतानाच, ज्याच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला तो शास्त्रज्ञ पाठीमागून मास्टर एमराल्ड पळवितो. नकल्स त्याला अडवू जातो आणि विजेच्या धक्क्याने कोसळतो. यानंतरचे दृश्य अगदी लहान आहे : जखमी नकल्स सॉनिकला पुढची वाट दाखवितो, त्याच्यासाठी पूल उभा करतो आणि थकून मागे राहतो. ज्या कळींनी त्याने वैर केले त्याच जातीची कळ दाबून तो आता साह्य करतो. हृदयपरिवर्तनाचे एवढे मितव्ययी चित्रण पुढे संवादांची रेलचेल झाल्यावर या मालेस क्वचितच साधले. आणि परिवर्तन होते ते नकल्सचे. सॉनिक आला तसाच पुढे धावत जातो.

१९९८ च्या डिसेंबरात ड्रीमकास्ट या यंत्रासाठी जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सॉनिक अ‍ॅडव्हेंचर’ने पात्रांना वाणी दिली आणि एकच घटनाक्रम सहा पात्रांच्या दृष्टीने सांगितला. या रचनेचे खरे फळ म्हणजे ई-१०२ गॅमा या यंत्रमानवाचे आख्यान होय. एगमनने आपल्या ताफ्यासाठी घडविलेला हा सेवक बंदिवासातील एमी रोज हिच्याकडून तिच्याजवळचा एक छोटा पक्षी काढून घेण्यासाठी पाठविला जातो. त्या पक्ष्याला पाहून त्याच्या आत काहीतरी हलते. का, ते त्याला कळत नाही. तो तिला सोडून देतो, पुढे आपल्या धन्याला धनी मानणे थांबवितो, आणि आपल्याच घडणीच्या भावंडांना एकामागून एक गाठून फोडतो. फोडणे म्हणजे येथे मुक्त करणे. कारण प्रत्येकाच्या पोटात एक प्राणी कोंडलेला आहे. शेवटच्या बंधूशी झुंज देऊन परतताना गॅमावर जीवघेणा वार होतो, त्याचा स्फोट होतो आणि त्याच्यातूनही एक पक्षी बाहेर येतो. एमीजवळचा पिलू-पक्षी त्याच कुटुंबातला असतो.

या आख्यानात नवे असे काहीच शोधून काढलेले नाही. यंत्र फुटते व प्राणी पळतो ही १९९१ पासून खेळाडूने अगणित वेळा, विचार न करता, केलेली कृती आहे. सात वर्षांनंतर तीच कृती यंत्राच्या आतून पाहावयास लावून लेखकांनी तिचे करुणात रूपांतर केले. खेळाडूने आजवर जे गुणांसाठी केले ते आता एका जिवाने समजून-उमजून स्वतःवर ओढवून घेतलेले मरण ठरते. विमानवाहू जहाजाच्या फलाटावर सॉनिक आणि गॅमा यांची झुंज होते, एमी मध्ये पडते, आणि दोघे दूर होतात. सॉनिकच्या आख्यानात त्या झुंजीत सॉनिकची सरशी होते, गॅमाच्या आख्यानात गॅमाची. संवादही थोडे निराळे ऐकू येतात. सुसंगतीचा आग्रही टीकाकार येथे दोष दाखवील. वस्तुतः दोघांच्या स्मृती भिन्न असणे हेच येथे स्वाभाविक आहे. सॉनिकला ती एक लढाई, गॅमाच्या आयुष्याचा तो वळणबिंदू.

याच खेळाच्या इंग्रजी आवृत्तीत जुन्या नामभेदाची उकलही चतुराईने केली आहे : शास्त्रज्ञ स्वतःस रोबोटनिक म्हणवितो आणि सॉनिक त्याला एगमन म्हणून चिडवितो. ‘सॉनिक अ‍ॅडव्हेंचर २’ (२००१) मध्ये रोबोटनिक हे कुलनाम त्याच्या आजोबांपर्यंत, जेराल्डपर्यंत, मागे नेले गेले. जेराल्डची नात मरिया पन्नास वर्षांपूर्वी अंतराळवसाहतीवरील लष्करी छाप्यात मारली गेली आहे, आणि जेराल्डने निर्मिलेला शॅडो तिची अखेरची इच्छा सूडाची होती असे धरून पृथ्वीच्या नाशास निघाला आहे. एमीच्या विनवणीने त्याला खरे शब्द आठवतात : मरियेने लोकांच्या सुखाचे दान मागितले होते. येथे कथेचा कळस लढाईत नाही, आठवण दुरुस्त होण्यात आहे. पृथ्वी वाचवून शॅडो अंतराळातून कोसळतो. सॉनिकच्या हाती त्याचे एक कडे उरते. तेही तो रूज या पात्राच्या हवाली करतो. अविकारी नायक दुसऱ्याच्या मरणाची खूणसुद्धा स्वतःजवळ ठेवू शकत नाही, हे याहून नेमकेपणे दाखविणे कठीण.

शॅडोचे मरण टिकले नाही. २००३ च्या ‘सॉनिक हीरोज’मध्ये तो स्मृतिभ्रष्ट होऊन परतला, आणि २००५ साली त्याच्या नावाच्या खेळात ३२६ वाटा व १० शेवट योजून त्याच्या भूतकाळाचा शोध मांडला गेला. दहा शेवट असलेल्या पात्राला एकही प्रारब्ध नसते. म्हणून अखेरचे अकरावे आख्यान जोडावे लागले, आणि त्यात शॅडो जेराल्ड व मरिया यांचे छायाचित्र टाकून देऊन चालू लागतो. या मार्गाचे टोक २००६ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मध्ये गाठले गेले. त्यात सॉनिक प्रत्यक्ष मारला जातो आणि राजकन्या एलिसच्या चुंबनाने पुन्हा उठतो. पण शुभंकराचा मृत्यू पचविणे कथेला शक्य नसल्यामुळे शेवटी दोघे भूतकाळात जाऊन सर्व अनर्थाचे मूळ असलेली ज्योत फुंकून विझवितात, आणि घडलेले सारे न घडलेले होते. या खेळाच्या तांत्रिक अपुरेपणावर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. तथापि कथेचा अपराध निराळा आहे. नकल्स, गॅमा, शॅडो यांच्या वाट्यास आलेली स्मृती कथेला वजन देत होती. येथे ती कोणाकडेच ठेवली गेली नाही. समारोपात राजकन्येला क्षणभर काहीतरी ओळखीचे भासते, तेवढ्या एका श्वासापुरतीच कथा जिवंत होते.

पुढील काही वर्षांत लेखकांनी भार वाहण्याचेच नाकारले. ‘सॉनिक कलर्स’पासून (२०१०) केन पाँटॅक व वॉरन ग्राफ यांच्या लेखणीने विनोदाचा सूर धरला, तो सुसह्य, पण निरुपद्रवी होता. त्याची मर्यादा ‘सॉनिक फोर्सेस’मध्ये (२०१७) उघडी पडली. एगमनने जग जिंकले आहे आणि सॉनिक सहा महिने कैदेत आहे असे सांगितले जाते. परंतु कैदेतून सुटलेल्या सॉनिकच्या बोलण्यात त्या सहा महिन्यांचा मागमूस नाही. दुःख निवेदनात आहे, पात्रात नाही.

‘सॉनिक फ्रंटियर्स’चे (२०२२) लेखन आर्ची कॉमिक्समधून आलेल्या इयन फ्लिन यांनी केले. त्यांनी जुन्या प्रसंगांचे इतके उल्लेख पेरले की कधी कधी संवादाला सूचीचे रूप येते. पण एके ठिकाणी त्यांनी दोषाचेच द्रव्य केले. दोन शेपट्यांचा कोल्हा टेल्स एका खेळात एकटाच एगमनसमोर उभा राहिला होता आणि दुसऱ्या खेळात भीतीने गलितगात्र झाला होता. फ्लिन यांचा टेल्स हे स्वतःच आठवतो, आपण एकसारखे नाही याची त्याला खंत वाटते, आणि शेवटी तो स्वतंत्र वाटेने जाण्याचे ठरवितो. लेखकांच्या धरसोडीतून पात्राला आत्मपरीक्षण लाभले. नकल्स आणि एमी हेही निघतात; सॉनिक त्यांना निरोप देतो.

२०२४ साली ‘सॉनिक जनरेशन्स’ (२०११) हा जुना खेळ ‘शॅडो जनरेशन्स’ या नव्या खेळासह एकत्र प्रसिद्ध झाला. दोन्हींत काळ विस्कटून भूतकाळ समोर येतो. सॉनिकला तो भेटतो त्याच्याच लहान, अबोल प्रतिरूपाच्या आणि पूर्वी धावलेल्या वाटांच्या रूपाने. त्या वाटा तो आनंदाने पुन्हा धावतो. शॅडोला मरिया आणि जेराल्ड भेटतात, आणि त्यांचे पुढे काय होणार हे तिघांपैकी एकट्या त्यालाच ठाऊक असते.