आधी क्रमांक, मग अर्ज

ऑनलाइन अर्जाची कला आज कुठवर आली आहे, याची परीक्षा महानगरातल्या वेगवान इंटरनेटवर घेऊ नये. ती दोंडाईच्यासारख्या गावात घ्यावी. सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचे, मिरचीच्या बाजारपेठेचे हे गाव शिंदखेड्याहून मोठे, पण तालुक्याचे मुख्यालय शिंदखेड्याला. त्यामुळे दाखले, शिष्यवृत्ती, पीकविमा यांचे अर्ज गावातल्याच सेवा केंद्रातून भरता येऊ लागले, ही खरी सोय झाली. मात्र रेंज गेली आणि ‘सबमिट’ दाबल्यावर चक्र नुसतेच फिरत राहिले, की अर्जदार आणि केंद्रचालक दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: अर्ज गेला की नाही? वेबच्या प्रमाणकाने, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या ठरलेल्या नियमांनी, या प्रश्नाची पुरेशी दखल अजून घेतलेली नाही.

1995 च्या एचटीएमएल 2.0 मध्ये अर्जाचा जो साचा ठरला, तो आजही ओळखता येतो: रकाने, एक बटण आणि माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती, ‘गेट’ आणि ‘पोस्ट’. 2003 मध्ये वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ‘एक्सफॉर्म्स’ हे अर्जांसाठीचे नवे प्रमाणक मंजूर केले. अर्ज मध्येच थांबवून नंतर पुढे चालू करता यावा, हे त्याच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक होते. पण त्याची मांडणी जड होती, आणि प्रमुख ब्राउझरांनी ते आपलेसे केले नाही. 2004 मध्ये मोझिला, ऑपेरा आणि ॲपल यांच्याशी संबंधित मंडळींनी ‘डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी’ हा गट काढून जुन्या एचटीएमएललाच वाढवायचे ठरवले. 2014 च्या एचटीएमएल 5 मध्ये तारखेचा रकाना, ईमेलची तपासणी, सक्तीचे रकाने हे सारे आले. 2019 मध्ये डब्ल्यूथ्रीसीनेही या गटाचेच प्रमाणक मान्य केले. जुनी पाने मोडायची नाहीत, हा त्या गटाचा आग्रह योग्यच होता. पण एक्सफॉर्म्ससोबत अर्धवट अर्ज जपण्याचा विचारही मागे पडला, हे नुकसान मोठे आहे.

जे मिळाले, तेही मराठीसाठी नीट वापरले जात नाही. नावाच्या रकान्यात ‘फक्त अक्षरे’ असा नियम लावताना अनेक प्रोग्रामर युनिकोड या लिपिचिन्हांच्या संगणकीय संकेतातला अक्षरांचा गट घेतात आणि चिन्हांचा गट विसरतात. मग ‘क’ चालतो आणि ‘कि’ अडतो, कारण वेलांटी त्या गटात बसत नाही. कमाल लांबीचा नियमही वाचकाला दिसणारी अक्षरे मोजत नाही. ‘दोंडाईचा’ आपल्याला चार अक्षरांचे दिसते. ब्राउझर आठ मोजतो. हे दोष प्रमाणक न बदलताही दूर करता येतात. त्यासाठी मराठीत अर्ज भरून तपासणारा माणूस हवा.

अर्ज पोहोचल्याच्या खात्रीचा प्रश्न मात्र प्रमाणकापर्यंत जातो. ‘पोस्ट’ पद्धतीत तीच विनंती दोनदा गेली तर दोन अर्ज तयार होऊ शकतात. वेबवर माहिती पाठवण्याच्या ‘पुट’ या आणखी एका पद्धतीत त्या माहितीचा पत्ता आधी ठरलेला असतो. त्याच पत्त्यावर तीच माहिती कितीही वेळा पाठवली, तरी अर्ज एकच राहावा असा वेबचा संकेत आहे. एचटीएमएल 5 च्या मसुद्यात अर्जासाठी ‘पुट’ होते. नंतर ते वगळले गेले. अलीकडे अलेक्झांडर पेट्रोस आणि कार्सन ग्रॉस यांनी ते परत आणण्याचा प्रस्ताव मांडला आहे. यावर विरोधकांचे म्हणणे असे, की हे काम पानासोबत उतरणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतल्या प्रोग्रामने आजही होते. शिवाय अर्जातून ‘पुट’ येणारच नाही, हे गृहीत धरून लिहिलेल्या जुन्या प्रणालींना धोका संभवतो. सुरक्षेचा आक्षेप गंभीर आहे आणि त्यासाठी काटेकोर बंधने हवीत. पहिला आक्षेप मात्र टिकत नाही. कमजोर जोडणीवर पान उघडते, पण स्क्रिप्ट उतरत नाही, आणि मग बटणच निकामी होते. साध्या एचटीएमएलला जे जमते, तेच अशा ठिकाणी भरवशाचे असते.

आधी अर्ज की आधी क्रमांक, हा फरक महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या कर्जमाफीत अनुभवला आहे. 2017 च्या कर्जमाफीत शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन अर्ज भरायचा होता. केंद्रांवर रांगा लागल्या, मुदत वाढवावी लागली. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत बँकांच्या माहितीवरून याद्या निघाल्या, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला आणि शेतकऱ्याकडे फक्त आधार प्रमाणीकरण उरले. शासनाकडे असलेली माहिती शासनाने पुन्हा विचारली नाही, आणि पुढची प्रत्येक कृती त्या क्रमांकाशी जोडली गेली. क्रमांक आधी ठरवण्याचा हाच विचार तंत्राच्या भाषेत ‘पुट’मागे आहे.

याला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार सेवेची मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. अर्ज वाटेतच हरवला, तर मुदत सुरूच होत नाही आणि विलंबाची जबाबदारीही कुणावर येत नाही. ज्याची पोचपावती निघाली नाही, तो नागरिक कायद्याच्या दृष्टीने आलेलाच नसतो. म्हणून अर्ज पाठवण्याची पद्धत हा केवळ प्रोग्रामरांचा वाद नाही.

माझे मत स्पष्ट आहे: ‘पुट’चा प्रस्ताव आवश्यक बंधनांसह स्वीकारला जावा, आणि अर्धवट अर्ज जपण्याची सोय प्रमाणकाच्या चर्चेत पुन्हा यावी. तोवर शासनाला थांबण्याचे कारण नाही. पहिला रकाना भरण्याआधी अर्ज क्रमांक द्यावा, भरलेले प्रत्येक पान त्या क्रमांकाखाली जपावे, आणि तोच अर्ज पुन्हा आला तर पहिलीच पोचपावती परत दाखवावी. आजच्या ‘पोस्ट’वरही हे सहज करता येते. नव्या संकेतस्थळाच्या निविदेत या तीन अटी घालाव्यात आणि संकेतस्थळ स्वीकारण्यापूर्वी त्याची चाचणी दोंडाईच्याच्या सेवा केंद्रात, जोडणी मध्येच तोडून घ्यावी.