हळदणकरांचे दीपचित्र आणि छायाप्रकाश

चित्रकलेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात चित्राच्या विषयासंबंधी पुष्कळ, रंगांसंबंधी थोडे आणि उजेड-अंधाराच्या मांडणीसंबंधी बहुधा काहीच नसते. याचा परिणाम असा होतो की, जे चित्र केवळ त्या मांडणीच्या बळावर उभे आहे त्याचीही स्तुती आपण भलत्याच कारणासाठी करतो. आणि प्रसंगी ती स्तुती भलत्याच माणसाच्या पदरात पडते. कै. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या सुप्रसिद्ध दीपचित्राचे नेमके असेच झाले आहे.

हे चित्र मैसूर येथील जगन्मोहन राजवाड्याच्या चित्रसंग्रहालयात आहे. इ. स. १९४५-४६च्या सुमाराचे हे काम असून ते जलरंगांत केलेले आहे. 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा उजेड, या इंग्रजी नावाने ते ओळखले जाते. चित्रातील स्त्रीसाठी चित्रकाराची स्वतःची कन्याच उभी राहिली होती. एका हातात दिवा, त्याच्या ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, त्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि तोच पुढे मुखावर व वस्त्रावर पसरलेला. एवढीच काय ती या चित्राची सामग्री. याच्या छापील प्रती घरोघर गेल्या, आणि जाताना त्यांतील कित्येकींच्या कर्त्याचे नाव लोकांच्या तोंडी राजा रविवर्मा असे झाले. वास्तविक रविवर्मा १९०६ साली निवर्तले. म्हणजे हे चित्र त्यांच्या पश्चात जवळजवळ चाळीस वर्षांनी जन्मास आले. त्यांची कीर्ती मुख्यतः तैलचित्रांची, आणि हे तर जलरंगाचे. तरी हा गैरसमज का टिकावा? आमच्या मते याचे कारण एकच: पाहणाऱ्याने लुगडे नेसलेली सुंदर स्त्री पाहिली आणि तेथेच तो थांबला. रविवर्म्यांच्या बहुतेक चित्रांत प्रकाश येतो तो पात्रे, वस्त्रे व अलंकार नीट दिसावेत म्हणून. हळदणकरांच्या या चित्रात स्त्री येते ती प्रकाश दिसावा म्हणून. दोन चित्रकारांच्या बुद्धीतील हा भेद ज्याच्या ध्यानी आला, तो एकाच्या नावावर दुसऱ्याचे चित्र कधीही घालणार नाही.

येथे छायाप्रकाश म्हणजे काय हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. प्रत्येक रंगाला रंगपणाखेरीज आणखी एक गुण असतो, तो म्हणजे त्याचा फिकेपणा वा गडदपणा. पिवळा व जांभळा हे भिन्न रंग तर खरेच. पण त्यांतील एक उजळ व दुसरा गडद हेही तितकेच खरे. डोळे किलकिले करून चित्राकडे पाहावे, म्हणजे रंग मावळतात आणि उजळ-गडद पायऱ्यांचा सांगाडा तेवढा शिल्लक राहतो. चित्र लांबून ओळखू येते, दृष्टी एका जागी खेचली जाते व दुसऱ्या जागेवरून सरकून जाते, हे सर्व मुख्यतः त्या सांगाड्याचे काम होय.

आता चित्रकाराची अडचण पाहा. पांढऱ्याशुभ्र कागदावरून परावर्तित होणारा उजेड हा काळ्याकुट्ट रंगावरून येणाऱ्या उजेडाच्या फार तर वीस-तीस पट असतो. उलट, अंधाऱ्या खोलीतील दिव्याची ज्योत व त्याच खोलीचा कोपरा यांतील अंतर हजारो पटींनी मोजावे लागेल. अर्थात ज्योतीची नक्कल करणे कोणाही चित्रकाराच्या हाती नाही. कागदाहून अधिक उजळ असे त्याच्यापाशी काहीच नसते. त्याच्या हाती एवढेच की, निसर्गातील हजार पायऱ्या दहा-पंधरा पायऱ्यांत बसवाव्या आणि कोणत्या पायऱ्या गमवावयाच्या हे स्वतः ठरवावे. उजेड राखावयाचा तर बाकीचे सर्व चित्र खाली उतरविले पाहिजे. गोऱ्या कपाळाची पाठमोरी बाजूही काळवंडली पाहिजे. वस्त्राचा आवडता रंगही अंधारात विझू दिला पाहिजे. या त्यागास जो कचरतो त्याच्या चित्रात दिवा असतो, पण उजेड नसतो.

रंग शेजाऱ्यावरून पारखला जातो, हे शास्त्रानेही दाखवून दिले आहे. पॅरिस येथील गोबलँ या चित्रांकित पडदे विणणाऱ्या कारखान्यात शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगशाळेचे प्रमुख होते. तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली असता त्यांनी शोध केला, तेव्हा काळ्या सुतात काही दोष नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुतांमुळे ते निस्तेज भासते असे आढळले. १८३९ साली त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हळदणकरांच्या चित्रातील बोटे जी पेटल्यासारखी वाटतात ती याच न्यायाने. तो भाग कापून पांढऱ्या कागदावर ठेविला तर साधा नारिंगी-तांबूस रंग दिसेल. त्याला जी धग आहे ती भोवतालच्या काळोखाने दिलेली आहे.

त्यातून माध्यम जलरंगाचे. तैलरंगात गडदावर उजळ रंग चढविता येतो, चूक झाकता येते. पारदर्शक जलरंगाच्या रीतीत प्रकाश म्हणजे कोरा राखलेला कागद. एकदा तेथे काळोख उतरला की तो पूर्णपणे परत काढता येत नाही. म्हणजे जेथे उजेड सर्वांत प्रखर तेथे चित्रकाराच्या कुंचल्याने सर्वांत कमी काम केलेले असते, आणि त्याचे खरे श्रम, पातळ रंगाचे थरावर थर, हे अंधारात गेलेले असतात. आपण ज्याला वाहवा म्हणतो ते त्याने न केलेले, आणि ज्याकडे पाहतही नाही ते त्याने केलेले! आमच्या मते या चित्राचे मर्म हेच आहे. हळदणकरांनी प्रकाश रंगविला नाही. त्यांनी काळोख रंगविला, आणि तोही अशा हिशोबाने की प्रकाशाला राहण्यास नेमकी जागा उरावी.

या कामी त्यांची तुलना कोणाशी करावी? सतराव्या शतकात फ्रान्सच्या लोरेन प्रांतात जॉर्ज द ला तूर या नावाचा चित्रकार होऊन गेला (१५९३-१६५२). पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील त्याच्या एका चित्रात वृद्ध सुतार जोसेफ वाकून गिरमिटाने लाकडास भोक पाडीत आहे आणि समोर बाल येशू मेणबत्ती धरून बसला आहे. ज्योतीपुढे त्याने हात धरला आहे आणि बोटांतून उजेड आरपार आला आहे. युक्ती तीच, आणि गंमत अशी की दैवही पुष्कळसे तेच. ला तूरचे नाव मागे पडून त्याची चित्रे इतरांच्या नावावर खपत होती. १९१५ साली हेर्मान फोस या जर्मन पंडिताने ती त्याला परत मिळवून देण्यास आरंभ केला.

परंतु ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहता हळदणकरांच्या कृतीची मर्यादाही लपत नाही. ला तूरच्या अंधारात एक भार आहे. त्या तुळईत पुढच्या क्रुसाची चाहूल आहे, आणि बालकाच्या मुखावरील उजेड त्या म्हाताऱ्याच्या कपाळापर्यंत पोहोचताना काहीतरी सांगून जातो. हळदणकरांच्या काळोखात असे भय नाही. तो घरचा, सणासुदीचा, ओळखीचा काळोख आहे. चित्र सर्वांना आवडते यात जसे त्याचे यश आहे तसेच त्याचे न्यूनही आहे. 'आशा' हा अर्थ चित्रातून जितका निघतो त्याहून अधिक तो नावाने बाहेरून जोडला आहे, असे म्हटल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

तथापि, हे निव्वळ हस्तकौशल्य आहे व विलायती पद्धतीचे आहे, हे जे दोन आक्षेप घेतले जातात ते आम्हांस मान्य नाहीत. हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले, आणि एका दिव्यापासून सर्व चित्राची छाया काढण्याची रीत तिकडूनच आली, हे खरे. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्रात पत्रज, ऐरिक व बिंदुज अशी तीन प्रकारची वर्तना सांगितली आहे. पण ती अंगाला गोलाई आणणारी छाया होय, दिव्याने पाडलेली नव्हे. अजिंठ्याच्या भिंतींवरही शरीरांना उठाव आहे, पडछाया नाहीत. प्राचीनांच्या ठायी सर्व काही होते असे म्हणण्याचा मोह येथे आवरलाच पाहिजे. परंतु त्याच ग्रंथाने वर्तनेची कदर करणे हे जाणत्यांचे लक्षण मानले आहे, आणि अलंकार व रंग यांवर भाळणाऱ्यांना वेगळ्या रांगेत बसविले आहे. रीत कोठूनही आलेली असो, ती पारखण्याची दृष्टी आपणांस परकी नाही. आणि हस्तकौशल्याविषयी म्हणावयाचे तर, काय दाखवावे यापेक्षा काय बुडवावे हे ठरविणे हा हाताचा नव्हे, बुद्धीचा धर्म आहे.

खरे नुकसान केले आहे ते छापील प्रतींनी. अंधार चित्रकाराचा आहे की इतर कोणी घातलेला, हा प्रश्न चित्रांच्या बाबतीत नेहमी विचारावा लागतो. रेम्ब्रांटचे १६४२ सालचे जे चित्र 'रात्रीची गस्त' म्हणून जगप्रसिद्ध आहे, ते मुळात रात्रीचे नाहीच. जुन्या रोगणाचे थर काळवंडून त्याला हे नाव पडले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते साफ केले तेव्हा दिवसाचा उजेड पुन्हा दिसू लागला. हळदणकरांच्या चित्रास उलट व्याधी जडली आहे. स्वस्त प्रतींत मुख अधिक गुलाबी, ज्योत अधिक पिवळी करतात, आणि मागील सर्व काळोख एका काळ्या शाईत बुडवितात. मूळ चित्रातील गडदाच्या पायऱ्या गेल्या की उरते ते केवळ दिवा घेतलेल्या सुंदरीचे दिनदर्शिकेचे पान. मग पाहणाऱ्याने स्त्रीच पाहिली यात त्याचा दोष तो किती?

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे की, घरात या चित्राची प्रत असेल तर एकदा तिच्यातील उजळ भाग तळव्याने झाकावा आणि बाकीचे निरखावे. त्या काळोखात खांदा कोठे संपतो, पदराची कड कोठे हरवते, भिंत कोठून सुरू होते हे जर ओळखता आले तर प्रत बरी म्हणावी. सर्वत्र एकच काळे दिसले तर ती उतरवून अधिक चांगली लावावी. आणि जी राहील तिच्याखाली हळदणकरांचे नाव लिहून ठेवावे.